मासा गुजरातचा की महाराष्ट्राचा? कोकण किनाऱ्यावरच्या मासेमारीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना संपत आला की तेच तेच प्रश्न येऊ लागतात. काही मासे खाणाऱ्यांचे, काही मासे धरणाऱ्यांचे, काही एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्यांचे. इथे ते एकत्र केले आहेत. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवलेत, फक्त शिव्या गाळल्या आहेत.

१. मासे खरंच कमी झालेत, की भाव वाढवायला उठवलेली आवई आहे?

कमी झालेत. पण ‘किती’ आणि ‘कोणते’ हे विचारल्याशिवाय या उत्तराला अर्थ नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २०१९ साली महाराष्ट्रात उतरलेली मासळी २.०१ लाख टन मोजली. हा ४५ वर्षांतला नीचांक होता. आदल्या वर्षीचा आकडा २.९५ लाख टनांचा होता. मात्र त्याच वर्षी ऐन हंगामात ‘क्यार’ आणि ‘महा’ ही दोन वादळं आली आणि बोटी दिवसेंदिवस बंदरात अडकल्या. मासेमारीचे दिवसच घटले तर मासळीही घटणार.

उलट उदाहरण केरळच्या तारलीचं. २०१२ मध्ये तिथे जवळपास ३.९ लाख टन तारली उतरली, २०२१ मध्ये फक्त ३,२९७ टन. आणि पुढच्या दोन वर्षांत आकडा पुन्हा लाखाच्या वर. तारली पाण्याच्या तापमानाबरोबर हलणारा मासा आहे, तिच्या घसरणीचं सगळं खापर जाळ्यावर फोडता येत नाही. पापलेट, घोळ, दाढा यांचं तसं नाही. ते सावकाश मोठे होतात आणि मोठे व्हायच्या आत धरले जातात.

आणखी एक गोम. मासळी मोजली जाते ती जिथे उतरते तिथे, जिथे धरली तिथे नाही. डहाणूसमोर धरलेलं पापलेट जाफराबादला उतरलं तर ते गुजरातच्या खात्यात जमा होतं. खंबातच्या आखातापासून मुंबईपर्यंतच्या पाण्यात हा मासा फिरत असतो, आणि दोन राज्यं त्याच्या दोन वेगळ्या वह्या ठेवतात. पुढची निम्मी भांडणं या दोन वह्यांमधूनच निघाली आहेत.

२. पालघरच्या एका मच्छीमाराला एका फेरीत कोटीची घोळ मिळाली होती. मग मासे नाहीत म्हणून रडता कशाला?

ती बातमी खरी आहे. ऑगस्ट २०२१, पावसाळी मासेमारीबंदीनंतरची सुरुवातीची फेरी, १५७ घोळ, १.३३ कोटी रुपये. किंमत आली ती मांसाला नाही, भोताला. घोळीच्या पोटातली ही हवेची पिशवी वाळवून परदेशात जाते. आणि भोताला एवढा भाव येतो त्यामागे घोळ दुर्मीळ झाली हेही एक कारण आहेच. लॉटरी लागलेल्याची बातमी होते. त्याच दिवशी डिझेलचाही खर्च न निघता परत आलेल्या बोटींची होत नाही.

३. ‘शाश्वत मासेमारी’ म्हणजे सोप्या भाषेत काय?

माशाला एकदा तरी अंडी घालू द्यायची, मग धरायचा. बाकी सगळे नियम (बंदीचा काळ, जाळ्याचा आस म्हणजे भोकाचं माप, लांबीची मर्यादा) याच एका गोष्टीसाठी आहेत.

४. समुद्रात नियम कोणाचे चालतात, केंद्राचे की राज्याचे?

दोघांचे, आणि मध्ये दिसणारी रेघ कुठेही नाही. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, राज्याचं पाणी. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंतचा आर्थिक क्षेत्राचा पट्टा केंद्राचा. घटनेत मत्स्यव्यवसाय राज्य सूचीत आहे. प्रादेशिक पाण्याबाहेरची मासेमारी तेवढी केंद्र सूचीत.

राज्याच्या पाण्यासाठी महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ आहे. २०२१ मध्ये तो बराच कडक केला. पूर्वी खटला तहसीलदारांपुढे चालायचा आणि त्यांच्या टेबलावर सातबारा, निवडणूक, टंचाई यांच्या खाली फाइल दबायची. आता निवाडा मत्स्यव्यवसाय विभागाचे अधिकारीच करतात, आणि दंड हजारांतून लाखांत गेले. केंद्राच्या पट्ट्यासाठी मात्र भारतीय बोटींना लागू होईल अशी सविस्तर चौकट कित्येक वर्षं नव्हती. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथले नियम अधिसूचित झाले. त्यानुसार यांत्रिकी आणि मोठ्या मोटारबोटींना त्या पट्ट्यात जायला प्रवेशपास लागतो. पारंपरिक आणि लहान होड्यांना सूट आहे.

५. बंदी ६१ दिवसांचीच का? आमचे आजोबा तर नारळी पौर्णिमेला होड्या सोडायचे.

आजोबांचं पंचांग जास्त सावध होतं. नारळी पौर्णिमा बहुतेक वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यानंतरच येते (२०२४ मध्ये ती १९ ऑगस्टला होती), आणि सरकारी बंदी ३१ जुलैला संपते. म्हणजे दर्याला नारळ वाहण्याआधीच ट्रॉलर एक-दोन फेऱ्या मारून आलेला असतो.

२०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै आणि पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून अशी ६१ दिवसांची बंदी आहे. मात्र ती सगळीकडे सारखी पाळली जात नाही. केरळात राज्याच्या पाण्यात ट्रॉलरनाच बंदी असते आणि तीही ९ जूनच्या मध्यरात्रीपासून, ५२ दिवस. गुजरातने अलीकडे आपल्यापुरती मुदत १५ ऑगस्टपर्यंत वाढवली. आपल्याकडेही ही मागणी जुनी आहे. यातली अडचण अशी: आपण एकट्यांनी १५ दिवस वाढवले आणि दक्षिणेकडच्यांनी वाढवले नाहीत, तर सिंधुदुर्गासमोरची मासळी त्या पंधरवड्यात दुसराच कोणीतरी नेणार. तरीही वाढवावी, असं आमचं मत आहे. ऑगस्टच्या सुरुवातीला जाळ्यात येणारी पिल्लं पाहिली की वाद घालायची इच्छा उरत नाही.

एक गैरसमज: सगळे मासे जून-जुलैतच अंडी घालतात असं नाही. आपल्या उष्ण समुद्रात वर्षभर कोणी ना कोणी अंडी घालतच असतं. बंदीमुळे समुद्राला दोन महिने उसंत मिळते आणि खवळलेल्या पाण्यात माणसं बुडत नाहीत. दुसरं कारणही पहिल्याइतकंच मोठं आहे.

६. मग जूनमध्ये बाजारात ताजी मासळी येते कुठून?

पूर्व किनाऱ्यावरची बंदी १४ जूनला उठते, तिकडून ट्रक येतात. बिगरयांत्रिक होड्यांना सूट असते. खाडीतली मासळी असते, तळ्यातले रोहू-कटला असतात, शेततळ्यातली कोळंबी असते. आणि बरंचसं ‘ताजं’ मेमध्येच बर्फात गेलेलं असतं.

७. डोल, दालदा, रापण, ट्रॉल, पर्ससीन... यातला फरक कोणी नीट सांगेल का?

डोल म्हणजे समुद्रात एका जागी बांधून ठेवलेली लांब निमुळती पिशवी. भरती-ओहोटीची ओढ मासळी आपसूक आत आणते. म्हणून ही पद्धत पालघर, मुंबई, रायगड या भागातच जास्त, कारण पाण्याला ओढ तिथे आहे. बोंबील, जवळा, मांदेली तिच्यातच मिळतात.

दालदा हे पापलेटवाल्यांचं जाळं, सातपाटीची ओळख. पाण्यात पडद्यासारखं उभं राहतं आणि माशाचं डोकं आसात अडकतं. आस मोठा असेल तर लहान मासा आरपार निघून जातो. रापण मालवण-वेंगुर्ल्याकडची: होडीतून अर्धगोल जाळं टाकायचं आणि दोन्ही टोकांना माणसांनी धरून किनाऱ्यावर ओढायचं, मग वाटे पाडायचे.

ट्रॉल म्हणजे इंजिनाच्या जोरावर पाण्यातून, बहुतेकदा तळाला लागून, ओढत नेलेली पिशवी. इथे आसाचं गणित फसवं असतं. घरात कांद्याची जाळीदार पिशवी असेल तर ती दोन्ही हातांत धरून लांबीला ताणा. चौकटी मिटतात, हाताचं बोटही आत जात नाही. शंकरपाळ्याच्या आकाराच्या आसाचं समुद्रात तेच होतं: नियमात ३५ मिलिमीटर लिहिलेलं असतं, ओढताना त्याची फट होते. म्हणून मागच्या पिशवीला चौकोनी आस हवा असं तज्ज्ञ म्हणतात. तो ताणला तरी उघडा राहतो. ट्रॉलला किनाऱ्यालगतही बंदी आहे. कुठे ५ वाव, कुठे १० वाव खोलीच्या आत यायचं नाही (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट).

पर्ससीनमध्ये अख्ख्या थव्याभोवती जाळं फिरवतात आणि बटव्याची दोरी ओढावी तशी तळाची दोरी ओढतात. बांगडा, तारली अशा थव्याने फिरणाऱ्या माशांसाठी हे जाळं आहे. एका ओढीत रापणीच्या महिन्याचा मासा जातो, हे मालवणात कोणालाही विचारा.

८. पर्ससीन आपल्याकडे चालू आहे की बंद? एकजण एक सांगतो, दुसरा दुसरं.

दोघेही अर्धं सांगतात. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्याने आदेश काढला. त्यानुसार राज्याच्या पाण्यात पर्ससीन फक्त सप्टेंबर ते डिसेंबर, ठरावीक भागात आणि परवाना असेल तरच. परवाने हळूहळू १८२ पर्यंत खाली आणायचे असंही त्यात होतं.

मग जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा अंतरिम आदेश आला. तो तामिळनाडूच्या प्रकरणातला आहे: १२ सागरी मैलांपलीकडे, आठवड्यातून दोनच दिवस (सोमवार आणि गुरुवार), सकाळी ८ ते संध्याकाळी ६, नोंदणी केलेल्या आणि बोटीवर माग काढणारं यंत्र असलेल्यांनाच. हा आदेश दाखवून ‘आता सगळं मोकळं’ म्हणणारे आमच्याकडेही बरेच भेटतात. मोकळं काही झालेलं नाही. राज्याच्या १२ मैलांच्या आतला २०१६चा आदेश या आदेशाने पुसला जात नाही.

खरी कटकट इथून पुढे. १२ मैलांपलीकडे जायचं तर जाताना आणि येताना राज्याचं पाणी ओलांडावंच लागतं, आणि बोटीवर जाळं असतंच. पकडलेला म्हणतो, मी नुसता येत होतो. मासळी कुठे भरली हे बांगड्याच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. यंत्राची नोंद नसेल तर अशी केस उभी राहणं अवघड जातं.

९. एलईडी लावून मासे धरले तर काय बिघडलं? तंत्रज्ञान वापरायचंच नाही का?

प्रखर दिव्याखाली आजूबाजूच्या पाण्यातलं लहानमोठं सगळं गोळा होतं. मग त्याभोवती पर्ससीन फिरवलं की निवड करायला काही उरतच नाही. केंद्राने १० नोव्हेंबर २०१७ रोजी आपल्या पट्ट्यात त्यावर बंदी घातली. राज्याच्या कायद्यात २०२१ पासून दंड ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत आहे.

तरी चालतं, कारण काम वाटून घेतलेलं असतं. दिवे आणि जनरेटर एका बोटीवर, जाळं दुसऱ्या बोटीवर. गस्ती नौका दिसली की दिवे बंद. किनाऱ्यावर उभं राहिलं की रात्री क्षितिजावर शहर वसल्यासारखा उजेड दिसतो, आणि सकाळी बंदरात विचारावं तर कोणाकडेच दिवा नसतो.

१०. बाजारात मिळणारं लहान पापलेट घेणं बेकायदा आहे का? किती लहान म्हणजे लहान?

२०२३ मध्ये राज्याने ५४ प्रजातींसाठी धरण्याची किमान लांबी ठरवली. पापलेटला १३५ मिलिमीटर, बोंबलाला १८०. मोजपट्टी न्यायची गरज नाही. खिशातलं बॉलपेन साधारण १४ सेंटिमीटरचं असतं. पापलेट पेनाहून आखूड दिसलं तर सोडा. कायद्याचा रोख धरणाऱ्यावर आहे, पण ताटात मावणाऱ्या चार छोट्या पापलेटांचा आग्रह आपलाच असतो. हॉटेलवाल्यांना ‘अख्खं पापलेट’ प्लेटमध्ये बसवायचं असतं.

त्याच वर्षी सप्टेंबरात पापलेटला राज्यमासा घोषित केलं. मान मिळाला हे बरंच झालं. त्यानंतर एका बंदरावर पहाटे मी तळहाताएवढ्या राज्यमाशांची आख्खी टोपली पाहिली. विकणारीला विचारलं तर म्हणाली, “दादा, जाल्यात आलं ते आलं, आता दर्यात टाकून काय जितं होनार हाय?” तिचं खरं होतं. मेलेला मासा परत टाकून काही साधत नाही, म्हणून लांबीचा नियम जाळ्याच्या आसाशी जोडला तरच उपयोगाचा.

केरळने किमान लांबीचा नियम २०१५ मध्येच सुरू केला होता. पण लांबीची मर्यादा राज्यागणिक बदलत गेली, तर इथे न खपणारा माल ट्रकमध्ये बसून सीमा ओलांडतो.

११. पारंपरिक मच्छीमार निर्दोष आणि ट्रॉलरवाले राक्षस, असंच ना?

नाही. हा प्रश्न विचारणाऱ्याने चिमटा काढला आहे आणि तो योग्य जागी बसला आहे. डोलीचा शेवटचा भाग बारीक आसाचा असतो, आणि पापलेटची पिल्लं तिच्यातही सापडतात. डोलकरांना हे माहीत आहे, कित्येकजण बोलूनही दाखवतात. पण आस मोठा करा म्हणणं सोपं आहे. जवळा हा मासाच नखाएवढा, मोठ्या आसातून तो जाणारच. मग सुकटीवर जगणाऱ्या घरांनी काय करायचं? पिल्लं जास्त येतात त्या आठवड्यांत त्या जागेवरची डोल उचलणं, हा आम्हाला त्यातल्या त्यात व्यवहार्य वाटणारा मार्ग. तो गावाने ठरवला तरच पाळला जातो.

१२. ‘कवींचा वाद’ म्हणजे काय? मी आधी साहित्य संमेलनाचं काहीतरी समजलो.

असं समजणारे तुम्ही पहिले नाही. कव म्हणजे डोल बांधण्यासाठी समुद्रात रोवलेल्या खुंटांची जागा. कोणती कव कुठल्या गावाची हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. कागदावर नाही, तोंडी. मासळी किनाऱ्याजवळ होती तोवर हे जमत होतं. ती दूर गेली तशा कवीही खोल पाण्यात सरकल्या आणि दुसऱ्या गावच्या दालदावाल्यांच्या वाटेत आल्या. दालद्याचं जाळं प्रवाहाबरोबर वाहतं, खुंटांत अडकून फाटतं. वसई-उत्तनकडचे डोलवाले आणि सातपाटी-डहाणूकडचे दालदावाले यांच्यातलं भांडण हे आहे. दोघेही पारंपरिक, दोघेही आपापल्या जागी बरोबर. इथे १९८१चा कायदा फारसा कामाला येत नाही, गावांची बैठकच लागते.

१३. परराज्यातल्या बोटी सरळ पकडत का नाहीत?

राज्याच्या १२ मैलांत इथला परवाना नसताना मासेमारी करणं गुन्हा आहे. पलीकडे मात्र नोंदणीकृत भारतीय बोट कुठल्याही राज्याची असली तरी तिला राज्याचा कायदा अडवू शकत नाही. सिंधुदुर्गासमोर येणारे कर्नाटकातल्या मलपीकडचे वेगवान ट्रॉलर ही रेघ पाठ करून असतात. रात्री आत, गस्ती नौका दिसली की बाहेर. त्यांचं इंजिन गस्ती नौकेपेक्षा जोरदार असेल तर पाठलाग करून उपयोग नसतो. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनची नजर सुरू झाली. त्याआधी ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला बोटींवर ट्रान्सपॉन्डर, म्हणजे बोट कुठे आहे ते कळवणारं यंत्र, बसवण्याच्या केंद्राच्या योजनेचा आरंभ झाला. रेघ कोणी ओलांडली याचा पुरावा यातून मिळू शकतो.

आता दुसरी बाजू. गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जाणारी कितीतरी मुलं डहाणू-तलासरीची आहेत. ‘त्यांची बोट’ म्हणताना त्यातली माणसं आपली असतात.

१४. पाकिस्तानने धरलेल्या खलाशांमध्ये पालघरची मुलं कशी?

वरच्या उत्तरातलीच ही मुलं. किनाऱ्याजवळ मासळी नाही, म्हणून बोटी सर क्रीकच्या, म्हणजे गुजरात आणि पाकिस्तानच्या सीमेवरच्या खाडीच्या, बाजूला सरकतात. तिथली सागरी हद्द दोन्ही देशांना मान्य अशी आखलेलीच नाही. तांडेलाचा, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याचा, अंदाज चुकला, प्रवाहाने ओढलं किंवा मासळीच्या मागे लागून मुद्दाम गेले, तिन्हीचा शेवट कराचीच्या तुरुंगात.

१५. कासवांचा आणि कोळंबीच्या निर्यातीचा काय संबंध?

अमेरिकेचा नियम असा की कोळंबीच्या ट्रॉल जाळ्याला कासव बाहेर पडण्याची वाट हवी. ती आपल्या जाळ्यांना नाही, म्हणून २०१९ पासून समुद्रात धरलेली भारतीय कोळंबी अमेरिका घेत नाही. तळ्यातल्या कोळंबीला हे लागू नाही. कासवाला बाहेर काढणारी, जाळ्यात बसवायची तिरकी जाळी आपल्याच केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने तयार केली आहे. मालक म्हणतात तिच्यातून कोळंबीही निसटते. थोडी निसटते, हे खरं आहे.

दरम्यान, जाळ्यात कासव, देवमासा किंवा इतर संरक्षित प्राणी अडकला आणि तुम्ही जाळं कापून सोडला, तर राज्याकडून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. योजना डिसेंबर २०१८ पासून आहे. सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ काढायला विसरू नका, त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही.

१६. सगळे नियम मच्छीमारालाच. भराव घालणाऱ्यांना कोण विचारतं?

हा प्रश्न रागाने येतो आणि राग रास्त आहे. डहाणूजवळच्या वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली. खर्च ७६ हजार कोटींच्या वर, समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव. तो भाग मासळीच्या पैदाशीचा म्हणून ओळखला जातो आणि स्थानिकांचा विरोध जुना आहे. मासेमारीचा कायदा जाळ्यांपुरता आहे. भराव, सांडपाणी, कारखान्यांचं पाणी हे वेगळ्या खात्यांचे विषय, आणि त्या टेबलांवर मत्स्यव्यवसाय विभागाचा शब्द किती चालतो ते किनाऱ्यावर राहणारा जाणतो. तरीही, ‘ते करतात तर आम्ही पिल्लं का धरू नये’ हा युक्तिवाद आम्हाला पटत नाही. नुकसान पुन्हा आपल्याच जाळ्याचं आहे.

१७. आमची लहान होडी आहे, मागे फक्त आउटबोर्ड मशीन लावलंय. बंदीत चालेल ना? आणि ३१ जुलैला संध्याकाळी निघून रात्री बारानंतर जाळं टाकलं तर?

पहिल्याचं उत्तर नाही. सूट वल्ह्यावर आणि शिडावर चालणाऱ्या होडीला आहे. मशीन आत बसवलंय की बाहेर टांगलंय, याने फरक पडत नाही. काहीजण मशीन काढून घरी ठेवतात आणि वल्ही घेऊन खाडीच्या तोंडाशी जातात, ते चालतं.

दुसऱ्याचंही नाही. बंदी ३१ जुलैच्या मध्यरात्रीपर्यंत आहे, आणि संध्याकाळी जाळं-बर्फ भरून निघालेली बोट मासेमारीलाच निघालेली धरली जाते. दर वर्षी दोन-चार जण या पाच-सहा तासांच्या घाईपायी बोट अडकवून घेतात आणि हंगामाचा पहिला आठवडा कार्यालयाच्या बाकावर काढतात. शिवाय १ ऑगस्टला हवामान खात्याचा इशारा असेल तर बंदी उठली तरी निघू नका. विमावाला पहिला प्रश्न त्या इशाऱ्याबद्दलच विचारतो.